बोळका

छापील तक्त्यात पहिला रकाना रंगाचा.
मी लिहिलं, हिरवा.
लोटनआप्पा खांद्यावरून वाकून म्हणाले,
"कच्चा बी हिरवा, पिकना तरी हिरवा.
रंग नको दखू माय, देठले नाक लाव."

नाक लावलं.
गिरणेच्या वाळूत उन्हानं तडकलेलं डांगर असतं ना,
आधी तसा,
मग ओल्या गुळाच्या भेलीचा,
आणि अगदी शेवटी
आखाजीच्या कोऱ्या घागरीत पहिलं पाणी ओतल्यावर
जो येतो, तो.
वासाला रकाना नव्हता.
समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'घागर',
आणि माझं मलाच हसू आलं.

वजन एकशे दहा ग्रॅम.
साल पातळ, चिकाचे काळे ओघळ,
पेटीच्या वरच्या थरात कुणी लावणार नाही असं तोंड.
धागा शोधला. कोयीवरून बोट फिरवलं,
दातांच्या फटी जिभेनं चाचपल्या. नाही.
गर म्हणावा तर तोही नाही,
सालीआड नुसता रस,
झाडानंच आधी घोळून ठेवल्यासारखा.

यंत्राच्या काचेवर एक थेंब टाकला,
एक डोळा मिटून उजेडाकडे धरलं: सव्वीस.
"सव्वीस," आप्पा म्हणाले, "कितलामाईन?"
मला सांगता आलं नाही.

नाव?
बोळका.

झिपरू वारीक दात पाडायचा,
चिंचेखाली, पोत्यावर बसवून,
गुडघा छातीला, सांडशी तोंडात.
दाताला चार आणे.
पण ज्याचा शेवटचा निघाला
त्याच्याकडून काही घ्यायचा नाही.
उलट वैशाख उतरला की त्याच्या दारी
ह्या झाडाची पाटी जायची, फडक्यानं झाकलेली.
"याले दात लागतस नहीं,"
एवढंच बोलून झिपरू वळायचा.

एका साली सतरा पाट्या गेल्या, आप्पा सांगतात.
तेव्हा ते सात वर्षांचे, पुढचे दोन पडलेले,
अठरावी पाटी मागायला गेले होते
आणि कानाखाली खाऊन आले.
झिपरूचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस
सरणावरही शाबूत होते.
त्यानं हा आंबा चाखताना
कुणी पाहिलं नाही.

टिकाऊपणा?
"आज उतारा, सकाय खावा, परवा माशीसले."
सकाय म्हणजे उद्या, एवढं मला तोवर यायला लागलं होतं.
दोन दिवस, असं लिहिताना पेन अडलं,
कारण खाली शिफारशीचा चौकोन होता
आणि दोन दिवसवाल्याला तिथं जागा नसते.
आप्पा चौकोनाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, ह्याची अढी कधी कुणी घातलीच नाही,
उतरवला की आधी
दारं मोजावी लागतात.

चार नमुने पिशवीत घालून भडगावला एसटी धरली.
एरंडोल यायच्या आत
पिशवीचा तळ ओला झाला.
पुढच्या सीटवरचा म्हातारा वळला,
नाक आधी, चेहरा नंतर.
"बोळका शे का?"
आणि तोंडभर हसला.
आत एकही नव्हता.

तक्ता जमा केला. त्यावर एक पिवळा डाग आहे,
सव्वीसच्या आकड्यावरच.
नमुन्यापुढे लिहावं लागलं: अप्राप्त.

कोयीतून आईसारखंच झाड येईल
ह्याचा भरवसा नसतो,
हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून शिकवते.
चारही कोयी धुऊन
खिडकीत वाळत ठेवल्या आहेत.